पाणी राखायचं की जिरवायचं?

चांदवड तालुक्यात एक शेतकरी दुसऱ्याला "कागद टाकला का?" असं विचारतो, तेव्हा विषय तलाठ्याकडच्या अर्जाचा नसतो, शेततळ्याचा असतो. कागद म्हणजे तळ्याच्या पोटात अंथरायचं काळं प्लास्टिक. जाडी बहुधा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. वडनेरभैरवच्या द्राक्षबागा, माळावरची डाळिंबं आणि उन्हाळ कांदा यांतलं बरंचसं पीक फेब्रुवारीनंतर या अर्ध्या मिलिमीटरच्या भरवशावर उभं असतं. मुंबई-आग्रा महामार्गावरून राहुड घाटाकडे जाताना शेताशेतात मातीचे चौकोनी उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवट्याच्या आत एक तळं असतं आणि प्रत्येक तळ्याच्या आत हा कागद.

खड्डा खणला, पाऊस पडला, तर पाणी आपोआप साठायला हवं. मग कागद कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर न शोधता पोकलेन बोलावण्याची चूक आमच्या एका नातेवाइकांनी केली होती. घराच्या मागच्या बरड जमिनीत त्यांनी मोठ्या हौसेनं तळं खणलं. श्रावण-भाद्रपदात ते काठोकाठ भरलं, गावातली माणसं बघून गेली, आणि दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा तळाचा मुरूम उघडा पडला होता. पाणी कुणी उपसलं नव्हतं. जमिनीनं प्यायलं होतं.

चांदवड सातमाळा रांगेच्या पायथ्याला आहे. चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर हे किल्ले ज्या डोंगरांवर आहेत ते लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. डोंगराकडे नीट पाहिलं तर पायऱ्या दिसतात, कारण सगळे थर सारखे नाहीत. काही काळ्या पाषाणाचे, घट्ट, तर काही मांजऱ्या खडकाचे. लाव्हा थंड होताना त्यातून वायूचे बुडबुडे निघाले, त्यांच्या पोकळ्या मांजऱ्यात राहिल्या. तो लवकर कुजतो, भुगा होतो आणि त्याचा मुरूम बनतो. ओढ्याकाठी या मुरमावर हात-दोन हात काळी माती असते. डोंगराच्या बाजूला जावं तशी काळी पातळ होत जाते आणि शेवटी वीतभर मातीखाली थेट भरड मुरूम लागतो. हा मुरूम समुद्रकाठच्या वाळूसारखा दिसत नाही, पण पाण्याशी त्याचं वागणं वाळूसारखंच असतं.

हे वागणं आकड्यांत समजून घ्यावं, कारण तळ्याचं सगळं भवितव्य त्यात आहे. भिजलेल्या जमिनीत पाणी किती वेगानं मुरतं याचे ढोबळ आकडे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनविषयक पुस्तिकांत दिलेले आहेत. वाळूत तासाला ३० मिलिमीटरहून जास्त, पोयट्यात १० ते २०, चिकणमातीत १ ते ५. आता तीन मीटर खोल पाण्याचा विचार करा. तासाला ३० मिलिमीटर म्हणजे दिवसाला ७२० मिलिमीटर. तीन मीटर पाणी चार-सव्वाचार दिवसांत संपलं. चिकणमातीतला सगळ्यात कमी वेग, तासाला एक मिलिमीटर, धरला तरी दिवसाला २४ मिलिमीटर होतात आणि चार महिन्यांत तळ दिसतो. म्हणजे "आमची जमीन चिकण आहे, आम्हाला कागद नको" असं म्हणणाऱ्यालाही ती चिकण माती नुसती असून भागत नाही, दाबून आणखी घट्ट करावी लागते. प्रत्यक्षात तळाशी गाळ बसत जातो, मुरण्याचा वेग उतरतो, खाली पाषाण लागला तर थांबतोही. तरी अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत.

म्हणून यंत्राचा तास सुरू होण्याआधी एक साधी परीक्षा करावी. जिथं तळं करायचं तिथं, ज्या खोलीवर तळ येणार त्या खोलीपर्यंत, एक खड्डा घ्यावा. वरच्या मातीवरून तळाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. वर काळी आणि खाली चाळणी, असं या भागात सर्रास असतं. खड्डा आदल्या दिवशी पाण्यानं भरून ठेवावा, म्हणजे कोरडी जमीन आपली तहान भागवून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरावा, मध्ये काठी रोवून पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि चार तासांनी किती उतरलं ते मोजावं. लहान खड्ड्यात पाणी बाजूंनीही जातं, म्हणून हा आकडा मोठ्या तळ्यापेक्षा थोडा जास्त येतो. पण वीतभर उतरलं की दोन बोटं, एवढा फरक कुणालाही कळतो, आणि त्यावरच निर्णय अवलंबून असतो.

पाणी झपाट्यानं उतरलं तर जागा वाईट ठरत नाही. माझं या विषयात जे काही म्हणणं आहे ते इतकंच आहे. पाणी न राखणारी जमीन ही पाणी जिरवणारी जमीन असते, आणि जिरवणं हे राखण्याइतकंच मोलाचं काम आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सरकारी दुष्काळी कामांवर लाखो माणसांनी कुदळ-पाट्या घेऊन जी तळी खणली त्यांत पाझर तलाव फार मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या तळातून पाणी जाणं हाच त्यांचा हेतू होता. ते पाणी खालच्या विहिरींना यायचं. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत बायका झिरा उकरतात तेव्हाही हेच दिसतं. वरून नदी आटलेली, पण हातभर वाळू बाजूला केली की पाणी जमा होतं. वाळूच्या एकूण आकारमानात साधारण ३० ते ४० टक्के जागा मोकळी असते, पाणी त्या जागेत राहतं, आणि ऊन तिथं पोचत नाही.

तेव्हा दोन वेगळी तळी आहेत. एक साठवण तळं, दुसरं पाझर तळं. आमच्या नातेवाइकांनी पाझर तळं खणलं आणि त्याच्याकडून साठवणीची अपेक्षा ठेवली, एवढीच त्यांची चूक. पुढच्या वर्षी त्यांच्याच विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकलं, पण त्याचं श्रेय तळ्याला द्यायला बराच काळ कुणी तयार नव्हतं.

आता यंत्राकडे येऊ. ज्याला आपण पोकलेन म्हणतो ते मूळचं एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे. १९२७ साली सुरू झालेली ही कंपनी शेतीच्या यंत्रांची कामं करायची, आणि १९५० च्या दशकात तिनं तेलाच्या दाबावर चालणारी खोदाई यंत्रं बाजारात आणली. जेसीबी ही इंग्लंडमधल्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाची आद्याक्षरं. त्यांनी कंपनी काढली १९४५ मध्ये. आपल्याकडे आता यंत्रावर कुणाचंही नाव असो, साखळीवर चालतं ते पोकलेन आणि रबरी चाकांवर चालतं ते जेसीबी. ही गावठी विभागणी तांत्रिक दृष्टीनं अगदी बरोबर आहे, आणि भुसभुशीत जमिनीत तीच महत्त्वाची ठरते.

वीस टनी पोकलेनच्या दोन साखळ्या मिळून जमिनीला सुमारे चार चौरस मीटरवर टेकलेल्या असतात. वीस टन चार चौरस मीटरवर वाटले की एका चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो पडतो. साठ किलोचा माणूस चालताना एका पावलावर येतो तेव्हा तो भार साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरवर असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम. एवढं अवाढव्य यंत्र जमिनीला चालत्या माणसाच्या दुप्पटही दाबत नाही. उलट जेसीबीचं वजन त्याच्या निम्म्याहून कमी, पण ते चार टायरांच्या छोट्या ठशांवर येतं, आणि वाळूत किंवा भिजल्या मुरमात टायर रुततात. म्हणून भुसभुशीत जमिनीत खोल तळं घ्यायचं तर पोकलेनच लागतं. जेसीबी चर काढायला, माती सारायला चांगलं.

शेततळ्याचा रूढ आकार ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. २०१६ मध्ये राज्य सरकारनं आणलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत याच आकाराला सगळ्यात जास्त, म्हणजे ५० हजार रुपयांपर्यंत, अनुदान होतं. बाजू उभ्या नसतात, आत उतरत्या असतात. एक मीटर खोलीला एक मीटर उतार धरला तर तळ २४ मीटर चौरस राहतो आणि पाणी मावतं २,१९६ घनमीटर, जवळजवळ २२ लाख लिटर. हे पाणी किती? एका एकरावर एकदम सोडलं तर गुडघ्याच्या वर, ५४ सेंटिमीटर उभं राहील. ठिबकवर एक-दोन एकर बाग उन्हाळ्यातून तारून न्यायला इतकं पाणी मोठा आधार आहे. त्याची किंमतही जमिनीतच मोजावी लागते. तळं स्वतः नऊ गुंठे खातं, आणि भराव धरून चौदा-पंधरा गुंठे सहज जातात.

एवढी माती काढायला किती वेळ? बकेटमध्ये साधारण ०.९ घनमीटर येतं आणि एक फेरा, म्हणजे खणणं, वळणं, ओतणं, परत येणं, अर्ध्या मिनिटात होतो. तासाला १२० फेरे. पण खणलेली माती फुगते. एक घनमीटर घट्ट मुरूम बाहेर काढला की सव्वा घनमीटर होतो, म्हणून बकेट भरून आली तरी जमिनीतून त्याहून कमीच निघालेलं असतं. वर चालकाचा चहा, यंत्राची सरकासरक. हे सगळं वजा करून तासाला ६५ घनमीटर धरले तर ३४ तास लागतात. यंत्राचा हात दहा मीटरच्या आसपास पोचतो. तीस मीटर रुंद तळ्याच्या मधोमधची माती काठावरून थेट उचलता येत नाही, तीच माती दोनदा, कधी तीनदा हलवावी लागते, आणि तास वाढतात. पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो, मग हिशेबच वेगळा. तरीही तुलना करून पाहा. एक माणूस कुदळ-फावड्यानं दिवसाला दोन घनमीटर काढतो असं धरलं, तर हेच तळं अकराशे दिवसांच्या मजुरीचं आहे. १९७२ च्या कामांवर किती घाम गेला असेल, ते या आकड्यावरून मला पहिल्यांदा नीट कळलं.

खोदाई बघायला मिळाली तर पहिल्या दिवशी जावं, आणि मग शेवटच्या दिवशी. पहिल्या दिवशी वरची काळी माती वेगळी काढतात की नाही ते कळतं. ती वेगळी ढीग करून ठेवायची असते. घाईत मुरमात मिसळली की एकराएकराला पुरेल असं सोनं भरावाखाली गाडलं जातं. मुरलेला चालक दात टेकताच आवाजावरून ओळखतो, की माती संपून मुरूम लागला, किंवा मुरूम संपून पाषाण. शेवटच्या दिवशी प्रश्न असतो यंत्र बाहेर कसं येणार? त्यासाठी एका बाजूला उताराची वाट राखून ठेवलेली असते. पोकलेन त्या वाटेनं वर चढतं, काठावर वळून उभं राहतं आणि ज्या वाटेनं आलं तीच वाट मागून खणून टाकतं. ती शेवटची बाजू बहुधा सगळ्यात खडबडीत राहते, कारण ती पूर्णपणे वरून, हात लांबवून केलेली असते. कागद फाटायला लागला की पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते.

उताराच्या बाबतीत वाळू आणि मुरूम यांत मोठा फरक आहे. मुरमात एकास एक उतार टिकतो. वाळूत टिकत नाही. कोरडी वाळू ओतून ढीग केला तर त्याचा उतार आपोआप ३४ अंशांच्या आसपास येऊन थांबतो, त्याहून उभा राहत नाही. एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं घेतलं की नेमका हाच कोन येतो. म्हणजे दीडास एक हा वाळूचा ऐन काठावरचा उतार झाला, त्यात सुरक्षिततेची फट नाही. म्हणून रेताड जमिनीत दोनास एक किंवा त्याहून सपाट घ्यावा लागतो. त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. वरचा आकार तोच, खोली तीच ठेवून दोनास एक केलं तर २,१९६ घनमीटरांचे १,७६४ होतात, तीनास एक केलं तर १,४०४.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि तिनं माणसं गेली आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. ओली वाळू उभी राहते. लहान मुलं समुद्रावर किल्ले करतात ते याच जोरावर. कणांच्या मधल्या पाण्याचा पातळ पापुद्रा कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पण ही पकड उसनी असते. उन्हानं पाणी उडालं की सुटते, आणि उलट सगळ्या फटी पाण्यानं भरून गेल्या तरीही सुटते. सकाळी ताज्या कापलेल्या ओलसर कड्याखाली उभं राहून काम केलं आणि काही झालं नाही, म्हणून दुपारीही काही होणार नाही असं नाही. उभ्या कापाखाली माणसानं उतरू नये. काढलेल्या मातीचा ढीग आणि यंत्र दोन्ही काठापासून निदान खड्ड्याच्या खोलीइतकं मागे असावं.

चांदवडची बहुतेक तळी अर्धी जमिनीखाली आणि अर्धी जमिनीवर असतात. निघालेल्या मातीचाच चौफेर भराव घालून खोली वाढवतात. इथं मघाचा तो अर्ध्या किलोचा हिशेब पुन्हा आठवावा. "पोकलेन वरून चार फेऱ्या मारतंय की, दाबलं जाईल" असं चालक सांगतो आणि मालकाला ते पटतं, कारण यंत्राचा आकार तसा आहे. पण जे यंत्र जमिनीला इतकं कमी दाबतं म्हणून रुतत नाही, तेच यंत्र भराव तरी कसा दाबणार? भराव वीत-दीड वीत थरांत घालायचा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं आणि रोलर फिरवायचा. आधी आख्खा ढीग करून मग वरून दाबला तर फक्त वरचा पापुद्रा घट्ट होतो. पहिल्याच पावसाळ्यात असा भराव खचतो, कागद ताणला जातो आणि सांध्यावर सुटतो.

कागद अंथरण्याचं काम एका दिवसाचं, पण तयारी आठवड्याची. बाजूंवरचा प्रत्येक टोकदार दगड वेचायचा, मुळं काढायची, बारीक माती पसरून लिपल्यासारखं करायचं. ३० बाय ३० च्या तळ्याच्या आतला पृष्ठभाग भरतो १,०३४ चौरस मीटर. काठावर चर खणून त्यात कागदाची कड गाडायची असते, ती धरून साडेअकराशे चौरस मीटर लागतो. वजन होतं पाचशे किलोच्या वर. भारतीय मानक ब्यूरोचं १५३५१ क्रमांकाचं मानक या कागदासाठी आहे, आणि विकत घेताना जाडीइतकंच ते पाहावं. कागद सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर अंथरतात. दुपारच्या उन्हात प्लास्टिक फुगून लांबतं, रात्री आखडतं, मग कोपरे ताणले जातात.

प्लास्टिक नव्हतं तेव्हा लोक काय करत होते? माती तुडवत होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीनं चिकणमाती पाण्यात कालवून, तुडवून तिचा थर कालव्याच्या तळाला दिला आणि वाळूतूनही पाणी वाहून नेलं. तुडवल्यानं मातीतल्या हवेच्या फटी बंद होतात, बारीक कण एकमेकांवर सपाट बसतात आणि पाण्याला वाट राहत नाही. आजही गळक्या तळ्यांसाठी बेंटोनाइट नावाची माती विकत मिळते, आपल्याकडे ती कच्छात निघते. पाणी प्यायल्यावर ती कित्येक पट फुगते. तिच्यात जे मुख्य खनिज आहे, माँटमोरिलोनाइट, तेच आपल्या काळ्या मातीतही आहे. पावसाळ्यात बुटाला चिकटून किलो-किलोची होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी ही बेंटोनाइटची सख्खी बहीण आहे.

मग काळ्या मातीचंच अस्तर का नको? घालता येतं. फूटभर काळी माती दोन थरांत, ओलसर असताना दाबून बसवली, तर मुरमाड तळ्याची गळती खूप कमी होते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत धरणांतला गाळ शेतात जातो, तोही यासाठी चांगला. पण ही माती जितकी फुगते तितकीच आखडते. तळं एप्रिलमध्ये पूर्ण कोरडं पडलं की तळाला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पुढच्या पावसाचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खालच्या मुरमात जातं. काळ्या मातीचं अस्तर हवं असेल तर तळं कधीच कोरडं पडू देता येत नाही. ज्या तालुक्यात तळं खणायचंच उन्हाळ्यात उपसायला, तिथं ही अट पाळणं अवघड. कागद इथं जिंकला तो या एका कारणानं.

कागद आला आणि त्याबरोबर एक नवी अडचणही आली. शेततळं मुळात वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्यासाठी आहे. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३० बाय ३० च्या तोंडात थेट पडतं फक्त ५४० घनमीटर, म्हणजे चौथा हिस्सा. उरलेलं पाणी आजूबाजूच्या शिवारातून वाहत यायला हवं. पावसाचा पाचवा हिस्सा वाहतो असं मानलं तर सुमारे साडेतीन एकरांचा पाणलोट पुरतो. हे अवघड नाही. पण चौफेर उंच भराव घातलेल्या तळ्यात शिवारातलं पाणी शिरणार कुठून? भरावाला पाणी आत घेणारी वाटच नाही, गाळ अडवणारा खड्डा नाही. काठावर एक पाइप मात्र आहे आणि तो विहिरीकडून येतो. कुठल्याही तळ्याभोवती एक फेरी मारली की ते पावसानं भरतं की मोटारीनं, हे न विचारता कळतं.

वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचे ईश्वर काळे यांनी २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला. भूजल उपसून तळ्यांत साठवलं जातं, आणि जे पाणी जमिनीखाली सगळ्यांचं होतं ते कागदावर येताच एकाचं होतं. कायद्यानंही या उपशाला हद्द घालायचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर खणायला मनाई आहे. पण ज्याची विहीर जानेवारीत आटणार हे त्याला ठाऊक आहे, तो नोव्हेंबर-डिसेंबरातच उपसून ठेवतो, कारण शेजारीही तेच करतोय. मी कुणा एका शेतकऱ्याला दोष देणार नाही. डाळिंबाची बाग उभी करायला लागलेली वर्षं आणि कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, तो एप्रिलचा विचार करणारच. मात्र पाण्याचं नुकसान होतं ते मोजता येतं. मे महिन्यात इथलं ऊन उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर तरी उडवतं. भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटरवर नऊ मिलिमीटर म्हणजे रोज ८,१०० लिटर, एक मोठा टँकर. गावात टँकर येतो त्या दिवसांत.

चांदवडच्या रंगमहालात, होळकरांच्या वाड्यात, पायऱ्यांची जुनी बारव आहे. तिथं उतरताना अंगाला गारवा लागतो. बारवेत माणूस पाण्यापर्यंत उतरतो, पाणी जिथल्या तिथं सावलीत राहतं. मोटारीनं भरलेल्या तळ्यात आपण पाण्याला वर आणून उन्हात ठेवतो. म्हणून मला वाटतं की ज्याच्याकडे दोन खड्ड्यांपुरती जागा आहे त्यानं एकाला कागद घालावा आणि दुसऱ्याला मुद्दाम घालू नये. ओढ्याच्या वरच्या अंगाला, मुरमात, विनाकागदाचा पाझर खड्डा, त्याचा गाळ दर उन्हाळ्यात काढलेला. खालच्या अंगाला कागदाचं तळं, ज्याच्या भरावात पावसाचं पाणी घेणारी वाट आणि जादा पाणी सोडणारा सांडवा आहे.

कागदाच्या तळ्याला पावसाळ्याच्या तोंडाशी एक धोका असतो, तो रिकामं ठेवल्यानं ओढवतो. पाऊस सुरू झाला की भोवतालचं भूजल वर चढतं. ते कागदाच्या खालून दाबतं, आत पाणी नसेल तर वरून दाबणारं काही नसतं, आणि प्लास्टिक पाण्याहून किंचित हलकंच असतं. मग तळाचा कागद फुग्यासारखा वर येतो, सांधे ताणतात, पाणी ओसरल्यावर तो पुन्हा बसतो तेव्हा चुण्या पडतात. उपाय सोपा आहे. मे अखेर कितीही ओढ असली तरी तळात दोन-अडीच फूट पाणी राखून ठेवायचं. ओढ्याकाठी, जिथं भूजल फार वर येतं, तिथं कागदाखाली खडीचा चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते.

आणि दोर. ओल्या कागदाचा उतार शेवाळ धरल्यावर काचेहून निसरडा होतो. पोहता येणारा माणूसही त्यावरून वर येऊ शकत नाही. बोटांना धरायला काहीच मिळत नाही. नाशिक जिल्ह्यात दर उन्हाळ्यात शेततळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात. बादली भरायला वाकलेली बाई, चेंडूमागे गेलेलं पोर, त्याला काढायला उडी घेतलेला बाप. रात्री पाण्याला आलेली हरणं आणि बिबटेही असेच अडकतात. काठाभोवती तारेचं कुंपण आणि कुलपाचं फाटक हवंच. त्याशिवाय चारही बाजूंना, काठावरच्या खुंटाला बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर थेट तळापर्यंत सोडावा. एका कोपऱ्यात जुने टायर दोरानं ओवून शिडीसारखे उतारावर टाकावेत, आणि काठावर फुगवलेली ट्यूब टांगावी. नायलॉन उन्हानं कुजतो, म्हणून हे दोर दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ओढून पाहावेत, आणि बदलावेत.